जिभेचा रोजा

रात्री विजापूर वेशीतला मीना बाजार गजबजलेला असतो. तिथून जवळच्याच एखाद्या घरात, डोक्याला मार लागून दवाखान्यातून परतलेले अब्बा दहाव्यांदा विचारतात, ‘सहेरी झाली का?’ मेंदूच्या दुखापतीने आठवण पुसट होते, चिडचिड वाढते. हा दोष दुखापतीचा, अब्बांचा नव्हे. सुधारणा रोजच्या सरावाने, महिनोन्‌महिने होत राहते. आजाऱ्याला रोजाची सवलत कुरआननेच दिली आहे. बरे झाल्यावर ते रोजे भरून काढता येतात. म्हणून गोळ्यांची वेळ चुकू देऊ नये. आईवडिलांना ‘उफ्’ही म्हणू नका, हेही कुरआनच सांगते. अकराव्यांदा तेच उत्तर शांतपणे देणे, हा मुलांच्या जिभेचा रोजा. शेजाऱ्यांनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, तासभर अब्बांजवळ बसावे. मुलांना तेवढीच उसंत मिळेल.