विमानभाड्याचे पंचांग

परदेशी विमानप्रवास स्वस्तात कसा करावा, याविषयी मध्यमवर्गीय घरांतून जो पूर्वपक्ष ठामपणे मांडला जातो, त्याचा गाभा असा की, भाडे हे तिकीट शोधणाऱ्यावर पाळत ठेवून वाढवले जाते. म्हणून तिकीट मंगळवारी मध्यरात्रीनंतर काढावे, कुकीज, म्हणजे संकेतस्थळाने ग्राहकाच्या संगणकावर ठेवलेल्या ओळखखुणा, आधी पुसून टाकाव्यात आणि एकदा पाहिलेले भाडे पुन्हा पाहायला जाऊ नये. या मताला अनुभवाचा आधारच नाही असे म्हणता येणार नाही, कारण दुसऱ्यांदा पाहताना भाडे चढलेले अनेकांना खरोखरच दिसते. परंतु त्यावरून काढलेले अनुमान काकतालीय न्यायाचे आहे. कावळा बसला आणि फांदी तुटली, एवढेच त्यातून सिद्ध होते.

एकाच विमानातील शेजारशेजारच्या आसनांचे भाडे सारखे नसते. इकॉनॉमी वर्गाची आसने अनेक भाडेश्रेण्यांत विभागलेली असतात, आणि वाय, एम, के अशा एकेका रोमन अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या या श्रेण्यांपैकी कोणतीत किती आसने विकायची, हे कंपनीचा महसूल विभाग मागणीचा अंदाज घेऊन ठरवतो व सतत बदलतो. यामागचे मूळ सूत्र 1972 मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतील लिटलवुड यांनी मांडले: एखादे आसन पुढे चढ्या भाड्याने विकले जाण्याची शक्यता आणि ते चढे भाडे यांचा गुणाकार स्वस्त भाड्यापेक्षा कमी भरतो, तोवरच ते आसन स्वस्तात विकावे. भाडे चढते ते बहुधा या हिशेबाने. समजा, 38,000 रुपयांच्या श्रेणीत तीनच आसने उरली आहेत आणि त्यावरची श्रेणी 46,000 रुपयांची आहे. चौघांच्या कुटुंबाने एकत्र शोध घेतला, तर बहुतेक आरक्षणप्रणाली चौघांनाही वरच्या श्रेणीत टाकतात आणि 1,84,000 रुपये मागतात, तर तीन अधिक एक अशी तिकिटे काढल्यास तोच प्रवास 1,60,000 रुपयांत होतो. काल एकट्याचे भाडे पाहून आज चौघांचे पाहणाऱ्याला यात कटाचा वास येतो, आणि तो कुकीज पुसत बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मंगळवारची समजूत अमेरिकेतील जुन्या पद्धतीचा अवशेष मानावी लागते. सवलतीची भाडी आठवड्याच्या आरंभी जाहीर व्हायची आणि प्रतिस्पर्धी ती दुसऱ्या दिवशी गाठायचे. आता भाडी दिवसातून अनेकदा बदलतात. ग्राहक पाहून भाडे ठरवण्याची इच्छा कंपन्यांना नाही, असे मात्र येथे म्हणायचे नाही. तिकीट कोणत्या देशातून काढले किंवा ग्राहक कंपनीच्या योजनेचा सदस्य आहे काय, यावर भाडे बदलू शकते, पण त्यावर मध्यरात्रीचे जागरण हा उतारा नव्हे.

मंडनाचा मुद्दा असा की, तिकीट कधी काढावे यापेक्षा प्रवास कधी आणि कोणत्या दिशेने करावा, या निर्णयात बचतीचा मोठा वाटा असतो, कारण गर्दी सहसा एकाच दिशेने वाहते. दुबईतील शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाळी सुटी असते. त्यामुळे जूनअखेरीस तेथील भारतीय कुटुंबे मुंबई, गोवा, केरळकडे निघतात आणि ऑगस्टअखेरीस परततात, आणि भारत-दुबई विमानांतील साप्ताहिक आसनसंख्या द्विपक्षीय कराराने बांधलेली असल्याने ही वाढलेली मागणी भाड्यातच उतरते. याच आठवड्यांत उलट्या दिशेने जाणाऱ्याला रिकामी बाजू मिळते. उकाड्याची किंमत त्याने निराळी मोजायची. अमेरिकेच्या वाटेवर ऑगस्टमध्ये मुंबईहून विद्यार्थी निघतात, डिसेंबरच्या मध्यात तिकडची मराठी कुटुंबे इकडे येतात. या लाटेच्या आठवडाभर मागेपुढे होता आले, तर कोणत्याही युक्तीपेक्षा अधिक पैसे वाचण्याचा संभव असतो.

यावर आक्षेप येतो की, मे महिन्याच्या सुटीला आणि कचेरीच्या रजेला बांधलेल्यांना हा उपदेश काय कामाचा? आक्षेप रास्त आहे. आखातातून गणपतीसाठी कोकणात येणाऱ्याची तारीख चतुर्थीने ठरवलेली असते; त्याने खालच्या श्रेण्या संपण्याआधी तिकीट काढावे, एवढेच त्याच्या हाती उरते. युरोपला जाणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील बहुतांश देशांसाठी चालणाऱ्या सामाईक परवान्याचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि सर्वांत स्वस्त श्रेणीच्या तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत; तेव्हा व्हिसा हाती येण्यापूर्वी काढलेले तिकीट स्वस्त होते की महाग, हे परवान्याचा निकाल लागेपर्यंत ठरत नाही.