बोन्सायची कीव करणाऱ्यांस

आमच्या वक्तृत्व स्पर्धांतून एक वाक्य दरवर्षी हटकून कानी पडते. विषय स्त्रीमुक्तीचा असो, बेकारीचा असो की परीक्षापद्धतीचा, कोणी ना कोणी वक्ता हात उंचावून म्हणतोच, "मित्रहो, आमचे बोन्साय केले गेले आहे!" टाळ्या पडतात. परीक्षकही मान डोलावतात. मुळे छाटलेले, तारेने जखडलेले, उथळ कुंडीत खुरटलेले झाड! गुलामीचे याहून सोपे प्रतीक कोठे मिळणार? परंतु हे प्रतीक वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी एखादे बोन्साय वर्षभर सांभाळले असेल, याची मला दाट शंका आहे.

मी दोन उन्हाळे जुनिपरचे एक रोप सांभाळतो आहे. या कलेत दोन वर्षे म्हणजे बालवाडीच. तेव्हा अधिकारवाणीने बोलण्याचा माझा आव नाही. पण एवढे सांगता येते की बोन्साय हे उपाशी ठेवलेले झाड नव्हे. त्याला खत द्यावे लागते, ऊन द्यावे लागते. मुळे छाटतात ती नवी बारीक मुळे फुटावीत म्हणून. फांदीला गुंडाळलेली तार सालीत रुतण्यापूर्वी काढून टाकायची असते, हे तर आमचे वक्ते कधीच सांगत नाहीत. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात पांढऱ्या पाइनचे एक बोन्साय आहे. १६२५ पासून ते कुंडीत वाढवले जात असल्याचे सांगतात. ६ ऑगस्ट १९४५ रोजी ते हिरोशिमात एका घराच्या आवारात होते आणि बॉम्बमधून वाचले. १९७६ मध्ये त्या कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिले. छळलेले झाड इतक्या पिढ्या टिकेल काय?

खरा छळ दुसरीकडेच चालतो. वाढदिवसाला कोणी जुनिपर भेट देते आणि ते दिवाणखान्यातल्या टीव्हीशेजारी जाऊन बसते. जुनिपर हे सरूच्या कुळातले, उघड्यावरचे झाड. आपल्या देशात त्याचे भाईबंद लडाख-लाहौलच्या थंड डोंगरांवर वाढतात. घरातल्या अंधारात ते मरते. आणि मरते तेही कसे, तर हिरवे राहून! मुळे संपल्यावरही त्याची पाने कित्येक आठवडे हिरवीच दिसतात. घरची मंडळी मेलेल्या झाडाला इमानेइतबारे पाणी घालत असतात. बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत ओला हिरवा रंग दिसला तर जीव आहे. कोरडा तपकिरी दिसला तर झाड केव्हाच गेले.

आता आपल्या नगरचा विचार करू. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले, जिभेला अजून सवय व्हायची आहे.) आपला मुलूख पर्जन्यछायेतला. थंडी जुनिपरला मानवते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मात्र सकाळचे ऊन द्यावे आणि दुपारी हिरव्या जाळीखाली ठेवावे. शेतातली काळी माती कुंडीत मुळीच भरू नये. ती भिजली की फुगते आणि मुळे गुदमरतात, वाळली की भेगाळते. चाळलेला बारीक मुरूम, विटांचे तुकडे, जाड वाळू आणि थोडे कुजलेले शेणखत, एवढ्यावर भागते. रोज ठरल्या वेळी तांब्या ओतण्यापेक्षा मातीत बोट खुपसून पाहावे आणि वरचा थर सुकत आला की भरपूर पाणी द्यावे. उन्हाळ्यात लाल कोळी पडतो. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली की हलणारे ठिपके दिसतात. आणि कात्री जपून चालवावी. पिंपळाची फांदी उघडी छाटली तरी फुटते. जुनिपरची हिरवळ संपेपर्यंत मागे छाटली तर ती फांदी बहुधा गेलीच समजा.

मातीचे गाऱ्हाणे आपल्याकडे जुनेच आहे. ऑगस्ट १९४२ पासून नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असलेले पंडित नेहरू तेथे तासन्‌तास उन्हात फुलांचे वाफे खणत असत. इथली जमीन निकस, दगडगोट्यांची, पडक्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली आहे, असे त्यांनी तेथेच लिहिलेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'त नोंदवून ठेवले आहे. तरी वाफे झालेच.

माझ्या आजीचा आक्षेप मात्र मातीचा नाही, पाण्याचा आहे. तिने १९७२ चा दुष्काळ खडी फोडून काढला. २०१९ मध्ये आमच्या पाथर्डी तालुक्यात जनावरे छावणीत बांधलेली मी स्वतः पाहिली. "माणसं टँकरची वाट बघत्यात आन् तू या खुज्याला पाणी पाजतो व्हय रं?" असे ती विचारते. वक्तृत्व स्पर्धेतल्या सगळ्या प्रतीकांपेक्षा हा प्रश्न मला वजनदार वाटतो. एवढी कुंडी दिवसाला फार तर दोन पेले पाणी पिते आणि भाजी धुतलेल्या पाण्यावर तिचे भागते, हे माझे उत्तर. आजीला ते पटलेले नाही, आणि तिने ते पटवून घ्यावे असा माझा आग्रहही नाही.

म्हणून नवख्या मित्रांना माझा सल्ला असा की, जुनिपरसाठी पैसे मोजण्याआधी एखाद्या पडक्या भिंतीच्या फटीत उगवलेले उंबराचे किंवा पिंपळाचे रोप मालकाला विचारून काढून आणावे. आपले ऊन त्याला जन्मापासून ठाऊक असते. जुनिपरच हवे असेल तर मेच्या सुट्टीत त्याला पाणी कोण घालणार हे आधी ठरवावे. वसतिगृहाचे रखवालदार भले असतात, पण त्यांच्या भरवशावर हिमालय सोपवू नये. मी कुंडी पिशवीत घालून एस.टी.ने गावी नेतो, मांडीवर घेऊन. कंडक्टरने अजून तरी लगेजचे तिकीट फाडलेले नाही.