उष्टे गाणे की नवे भाष्य?

दुसऱ्याची गाणी आपल्या गळ्यातून गाऊन त्यांचे ध्वनिमुद्रण लोकांपुढे ठेवणे हा एक हलका उद्योग आहे, असा समज सुशिक्षितांत बराच रूढ झालेला दिसतो. एखादा तरुण आपल्या आवडत्या रॉक-गीतकाराची दहाबारा गाणी निवडतो. विजेच्या गिटारी, ड्रम आणि सारा वाद्यमेळ बाजूस सारून एकट्या साध्या गिटारीवर ती गातो, व घरच्या खोलीतच त्यांचे ध्वनिमुद्रण करतो. लागलीच कोणी रसिक नाक मुरडून म्हणतो, "हे उष्टे आहे. स्वतःचे काही असेल तर ऐकवा." ज्यास हल्ली 'कव्हर' म्हणतात, त्या प्रकारावरील हा आक्षेप आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे, आणि तो का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ह्या आक्षेपाच्या मुळाशी एक गृहीत कृत्य आहे. मूळ गाणे तेवढे स्वयंभू, आणि बाकीचे सारे उसने! प्रत्यक्षात काय आढळते? इंग्रज गीतकार डेव्हिड बोवी याचेच उदाहरण घेऊ. १९६८ साली ह्या अप्रसिद्ध तरुणाने क्लोद फ्रान्स्वा या फ्रेंच गायकाच्या आदल्याच वर्षीच्या एका गाण्यास इंग्रजी शब्द लिहिले. ते कोणी स्वीकारले नाहीत. पुढे पॉल अँका याने त्याच चालीवर निराळे शब्द रचले, आणि १९६९ साली फ्रँक सिनात्राच्या गळ्यातून 'माय वे' जगभर गाजले. बोवीला ते झोंबले. त्या चिडीतून, त्याच स्वरसंगतीच्या वळणाने, त्याने 'लाइफ ऑन मार्स?' रचले, व १९७१ च्या 'हंकी डोरी' ह्या संग्रहाच्या वेष्टनावर सिनात्राचे ऋणही नोंदविले. म्हणजे ज्या गाण्याची 'अस्सल' म्हणून वाखाणणी होते, त्याचा जन्मच मुळी एका फसलेल्या उसनवारीतून झाला! इतकेच नव्हे, तर १९७३ साली 'पिन अप्स' हा केवळ दुसऱ्यांच्या गाण्यांचा संपूर्ण संग्रह काढण्यात ह्याच बोवीला काडीचाही कमीपणा वाटला नाही.

आता ह्याच गाण्याचा पुढील प्रवास पाहा. २००४ साली वेस अँडरसन याच्या 'द लाइफ अक्वाटिक' ह्या चित्रपटात सेऊ जॉर्ज नावाचा ब्राझिलचा गायक एका जहाजावरील खलाशाच्या भूमिकेत दिसला. हा खलाशी फुरसतीच्या वेळी गिटार घेऊन बसतो आणि बोवीची गाणी पोर्तुगीज भाषेत गातो. पुढच्याच वर्षी त्या गाण्यांचा स्वतंत्र संग्रह निघाला. मूळ 'लाइफ ऑन मार्स?' मध्ये रिक वेकमनचा पियानो आहे. मिक रॉन्सनने बांधलेला तंतुवाद्यांचा भव्य पसारा आहे. जॉर्जपाशी एक गिटार आणि एक घोगरा, सावकाश आवाज. मूळ शब्दांचा प्रामाणिक अनुवादही त्याने केला नाही. बहुतेक ठिकाणी आपलेच शब्द घातले. सगळा डामडौल उतरल्यावर शिल्लक राहिले ते काय? चाल शिल्लक राहिली, आणि त्या चालीत दडलेला, रंगमंचाच्या झगमगाटात सहसा न दिसणारा एकाकीपणा शिल्लक राहिला. हे गाणे इतक्या थोड्या सामग्रीवर उभे राहू शकते, हे जॉर्जने दाखवीपर्यंत किती जणांच्या ध्यानात आले होते? खुद्द बोवीने ह्या गायनाचे मोकळ्या मनाने कौतुक केले. मूळ धन्याची तक्रार नसता आमच्या रसिकांनी उष्ट्याखरकट्याचा विटाळ मानावा, हे नवल होय.

ह्यावर प्रतिपक्ष म्हणेल की, मूळ रचनाकार झिजतो आणि त्याच्या कीर्तीवर दुसरेच चढून बसतात. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. बोवीचे १९७० चे 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड' हे गाणे कर्ट कोबेनने १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्क येथे 'अनप्लग्ड' कार्यक्रमात गायिले. गाऊन झाल्यावर त्याने बोवीचे नावही घेतले. तरी पुढे ते गाणे कोबेनचेच अशी असंख्य तरुणांची समजूत झाली, व बोवीलाच तसे ऐकून घेण्याची पाळी आली. हा अन्याय खरा; परंतु त्यावरील उपाय नाव ठळक छापणे व मोबदला चोख देणे हा आहे. गाणेच बंद करणे हा नव्हे.

दुसराही एक दोष आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. कोणतेही गाणे घ्यावे, लय अर्ध्यावर आणावी, कुजबुजत्या आवाजात म्हणावे आणि त्यास 'सखोल' म्हणावे, अशी एक साथच आली आहे. साधेपणा म्हणजे सच्चेपणा नव्हे. 'वीज काढून घेतलेल्या' त्या कार्यक्रमातही ह्या गाण्याच्या वेळी कोबेनची गिटार ध्वनिवर्धकातून चांगली खरखरत होती. आणि तरीही ते गायन अस्सल उतरले. कारण कसोटी वाद्यांच्या संख्येची नाही. मूळ गाण्याविषयी जे आपणांस ठाऊक नव्हते, ते ह्या गायनाने कळले काय, एवढाच प्रश्न आहे. कळले असेल तर ते भाष्य; नसेल तर ती नक्कल. आणि नकलेची तरफदारी आम्हांस करावयाची नाही.

वस्तुतः ही कसोटी आपणांस नवी नसावी. सदारंगाची चीज अडीचशेहून अधिक वर्षे गायिली जात आहे. बैठकीत बसलेला श्रोता गवयास "स्वतःची चीज ऐकवा" असे म्हणत नाही. त्याच चिजेत गवयाने काय पाहिले, इकडे त्याचे लक्ष असते. हाच श्रोता घरी येऊन गिटारवाल्या मुलास मात्र उष्ट्याचा टोमणा मारतो!

दुर्दैवाने आपला कायदाही ह्या टोमण्याच्याच बाजूचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ३१-सी आले. मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यानंतर पाच वर्षांनी, ठरलेला मोबदला देऊन कोणासही त्या गाण्याचे नवे ध्वनिमुद्रण करता येते. परंतु ज्या ज्या वर्षी प्रती निघतील, त्या प्रत्येक वर्षी निदान ५०,००० प्रतींचा मोबदला भरला पाहिजे. भाषेच्या प्रसाराकडे पाहून हा आकडा उतरविण्याची सोय आहे खरी. तथापि घरच्या खोलीत गाणाऱ्याने पन्नास हजारांचा हिशेब कोठून आणावा? शिवाय धन्याच्या संमतीने पूर्वी झालेले किंवा ध्वनिमुद्रणास तांत्रिकदृष्ट्या आवश्यक असलेले बदल सोडून मूळ कृतीत अन्य फेरफार करण्यास तेथे मनाई आहे. लय संथ केली, स्वरांची सोबत बदलली, तर ते 'आवश्यक' म्हणून कोण सिद्ध करणार? अमेरिकेत असा परवाना १९०९ पासून आहे, आणि मूळ चाल व गाण्याचे स्वरूप न बिघडविता गायकाने आपल्या शैलीस अनुरूप मांडणी करावी, ही मुभा तेथील कायदा स्पष्ट शब्दांत देतो. आपल्याकडे धन्याची स्वतंत्र परवानगी मिळविता न आली तर नक्कल करणारास वाट मोकळी, आणि भाष्य करणाराच्या तोंडावर कुलूप!

जॉर्जप्रमाणे शब्दच बदलावयाचे असतील तर रचनाकाराची अनुमती घ्यावी, हे आम्हांसही मान्य आहे. पण चाल तीच ठेवून मांडणी बदलण्यास मुभा असावी, व मोबदला प्रत्यक्ष निघालेल्या प्रतींवर आकारावा, एवढी सुधारणा कायद्यात झालीच पाहिजे. ती होईल तेव्हा होवो. तोवर आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी असा एखादा मुलगा किंवा मुलगी दार लावून गात बसली असेल, तर "हे तुझे आहे का?" असे विचारू नये. "ह्या गाण्यात तुला काय दिसले?" असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत शांतपणे ऐकावे.