आभाळाचे दफ्तर

‘हवामान पूर्वीही बदलतच होते, मग आताच एवढा गवगवा कशासाठी?’ असा प्रश्न हल्ली सुशिक्षितांच्या बैठकींत वारंवार ऐकू येतो, आणि विचारणाराच्या मुद्रेवर बिनतोड युक्तिवाद केल्याचे समाधान असते. या प्रश्नाचा पूर्वार्ध अगदी खरा आहे. हवामान पूर्वीही बदलत होते. परंतु ते बदलत होते हे आपणांस कळले कोणाकडून? ज्या संशोधकांनी गतकाळातील उष्णता आणि पर्जन्य पुराव्यानिशी ठरविले त्यांच्याकडूनच. त्यांच्या ग्रंथातील एक वाक्य उचलावयाचे आणि त्याच ग्रंथाचा निष्कर्ष नाकारावयाचा, ही वकिली झाली; न्याय नव्हे. म्हणून हा पुरावा कसा जमतो, तो कितपत भक्कम आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा काय, याचा आज विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

यंत्रांची साक्ष फार मागे जात नाही. मध्य इंग्लंडातील मासिक तपमानाची मालिका १६५९ पासूनची आहे. इतकी लांब मालिका जगात दुसरी नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ सालची, तिच्या नियमित हवामाननोंदी १८४१ पासूनच्या. भारत सरकारचे हवामान खाते १८७५ साली निघाले. सबंध पृथ्वीची सरासरी काढता येईल इतक्या नोंदी १८५० च्या सुमारापासूनच मिळतात. त्यापूर्वीचे सारे अप्रत्यक्ष साक्षीदारांकडून वदवून घ्यावे लागते. हे साक्षीदार दोन प्रकारचे आहेत : माणसाने लिहिलेले कागद आणि निसर्गाने आपल्या हाताने केलेल्या नोंदी.

कागदांची कथा मोठी बोधप्रद आहे. जपानातील क्योतो नगरीत चेरीचा बहर कोणत्या दिवशी ऐन भरात आला याच्या नोंदी दरबारी मंडळींच्या आणि भिक्षूंच्या रोजनिश्यांतून नवव्या शतकापासून सापडतात. वसंत उबदार असेल तर बहर लवकर येतो. २०२१ साली तो २६ मार्चला आला; बाराशे वर्षांच्या त्या नोंदींत तोवर इतका लवकरचा दिवस आढळला नव्हता. त्याच देशात सुवा सरोवर केव्हा गोठले याची नोंद तेथील देवस्थानाच्या पुजाऱ्यांनी १४४३ पासून ठेविली आहे. फ्रान्समधील बोन गावी द्राक्षांची तोड कधी सुरू झाली हे १३५४ पासून ठाऊक आहे. १९८७ पर्यंत ही तोड सरासरीने २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होई. १९८८ ते २०१८ या काळात ती सरासरी तेरा दिवस आधी होऊ लागली. यांपैकी कोणीही हवामानशास्त्रासाठी लेखणी उचलली नव्हती. कोणास उत्सवाची तिथी हवी होती, कोणास देवाचा कौल, कोणास मद्याचा हंगाम. नेमस्तपणे लिहून ठेवलेली साधी नोंद शतकांनंतर कोणत्या कामी येईल हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते, हेच खरे.

निसर्गाच्या नोंदी याहूनही जुन्या. थंड प्रदेशातील वृक्ष दरवर्षी एक वलय वाढवितो. अनुकूल वर्षी ते रुंद, प्रतिकूल वर्षी अरुंद. अमेरिकेतील डग्लस नावाच्या ज्योतिर्विदाने या वलयांच्या वाचनाचे शास्त्र उभारले आणि १९३७ साली अ‍ॅरिझोना विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा निघाली. ध्रुवप्रदेशात बर्फाचे थरावर थर साचतात. त्यांतील जड आणि हलक्या प्राणवायूच्या प्रमाणावरून त्या काळचे तपमान कळते आणि कोंडलेल्या बुडबुड्यांतून त्या काळची हवाच हाती येते. अंटार्क्टिकातील एका बर्फस्तंभाने आठ लक्ष वर्षांची हकीकत सांगितली आहे. त्या साऱ्या काळात हवेतील कर्बद्विप्राणिलाचे प्रमाण दर दहा लक्ष भागांत तीनशेच्या पुढे गेले नव्हते. आज ते चारशेवीसच्याही वर आहे.

यावर शंका निघेल की, वलयाच्या रुंदीवरून अंश कसे कळावे? रीत सरळ आहे. ज्या वर्षांची वलयेही आहेत आणि यंत्रांच्या नोंदीही आहेत, ती वर्षे घेऊन दोहोंचा मेळ घालावयाचा. त्यातील काही वर्षे मुद्दाम बाजूस ठेवून, बसविलेला हिशेब त्या वर्षांना लागू पडतो की नाही हे तपासावयाचे. पडला तरच मागील शतकांकडे वळावयाचे, आणि उत्तर देताना ‘इतके, परंतु इतके कमीअधिक’ असे सांगावयाचे. एकाच साक्षीदारावर भिस्त ठेवावयाची नाही. झाड, बर्फ, पोवळे, सरोवराचा गाळ आणि जुना कागद हे एकमेकांस न विचारता एकच गोष्ट सांगू लागले, म्हणजे ती मानावयाची.

या कामात वाद झाले नाहीत असे नाही. मान, ब्रॅडली आणि ह्यूज यांनी १९९८ आणि १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या आलेखावर अमेरिकेत मोठे वादळ उठले. तेव्हा तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने चौकशी करून २००६ साली अहवाल दिला. विसाव्या शतकाची अखेरची दशके मागील चारशे वर्षांत सर्वाधिक उष्ण होती, याविषयी तिने मोठा विश्वास व्यक्त केला. इसवी सन ९०० ते १६०० या काळाविषयी कमी, आणि त्याआधीच्या काळाविषयी फारच थोडा. आमच्या मते हा अहवाल शास्त्राचा कमकुवतपणा दाखवीत नाही. आपली शिडी कोणत्या पायरीपर्यंत भक्कम आहे हे जो स्वतःहून सांगतो, त्याचाच हिशेब विश्वसनीय मानावा.

पुढील वर्षांत पुरावा वाढला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासाने दाखविले की, ज्याला ‘छोटे हिमयुग’ म्हणतात त्याचा कडाका जगभर एकाच वेळी पडला नव्हता. मध्य आणि पूर्व प्रशांत महासागरात पंधरावे शतक अतिशीत होते, वायव्य युरोपात सतरावे, तर इतर बऱ्याच भागांत एकोणिसाव्याचा मध्य. मध्ययुगातील उबदार काळाचीही तीच कथा. याउलट, गेल्या दोन हजार वर्षांतील सर्वाधिक उष्ण काळ पृथ्वीच्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक भागात विसाव्या शतकातच आला. पूर्वीचे बदल आज येथे, उद्या तेथे असे होते; आताचा बदल एकाच वेळी सर्वत्र आहे. २०११ ते २०२० या दशकाचे सरासरी तपमान १८५० ते १९०० च्या तुलनेने सुमारे १.१ अंश सेल्सियसने चढलेले होते. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

परंतु या पुराव्यात एक वैगुण्य आहे, आणि ते आपल्या घरचे आहे. साक्षीदारांची दाटी उत्तरेकडील थंड देशांत आहे. उष्ण कटिबंधात ते विरळ आहेत. आपल्याकडील बहुतेक वृक्ष स्वच्छ वार्षिक वलये दाखवीत नाहीत. साग हा सन्मान्य अपवाद. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी केरळातील सागांवरून पाचशेहून अधिक वर्षांची मालिका सिद्ध केली आणि तीत मान्सूनच्या अवर्षणांच्या खुणा वाचल्या, ही अभिमानाची गोष्ट आहे. छत्तीसगडातील दंडक गुहेतील चुनखडीच्या स्तंभावरून इसवी सन ६०० ते १५०० या काळातील पर्जन्याचा अंदाज २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात चौदाव्या-पंधराव्या शतकांतील दीर्घ अवर्षणे स्पष्ट दिसतात. १३९६ साली सुरू झालेला आणि बारा वर्षे टिकला असे परंपरा सांगते तो दुर्गादेवीचा दुष्काळ याच काळातला. लोकस्मृतीला दगडाने दुजोरा द्यावा, याहून मोठी साक्ष कोणती?

मग आपल्या कागदांचे काय? अ‍ॅडम्सन आणि नॅश या इंग्लंडातील दोन अभ्यासकांनी १७८१ ते १८६० या काळातील पश्चिम भारताच्या पावसाचा इतिहास लिखित साधनांवरून मांडला. त्यांचा आधार मुख्यतः इंग्रजी कागदांचा : पत्रे, दैनंदिन्या, वृत्तपत्रे. त्याच काळातील आणि त्याहीपूर्वीचे मोडी कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी त्यातून निवडलेले पंचेचाळीस खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत निघाले. पण ती निवड मुख्यतः राजकारणाच्या दृष्टीने होती. पाऊस पडला नाही म्हणून वसुलीत दिलेली सूट, धान्याचे भाव, पुराने अडलेली फौज, या गोष्टी त्या काळी बिनमहत्त्वाच्या वाटल्या असतील. आज त्याच मोलाच्या आहेत.

अर्थात कागद म्हणजे वेदवाक्य नव्हे. सूट मागणारा पाटील दुष्काळ वाढवून सांगणार, वसुली करणारा कमाविसदार तो झाकणार. पण बखरीवर विसंबू नये, अस्सल पत्रे ताडून पाहावी, हे राजवाड्यांनीच आपल्याला शिकविले. तीच कसोटी येथे लावावयाची, आणि जेथे सागाचे वलय आणि मामल्याचा हिशेब एकाच वर्षावर बोट ठेवतात तेथे निर्धास्तपणे पुढे जावयाचे.

आमची मागणी मोठी नाही. सरकारने दफ्तरातील मुलकी कागदांची छायाचित्रे आणि विषयवार सूची करण्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी. विद्यापीठांनी इतिहासाचा आणि हवामानाचा विद्यार्थी एका मेजाशी बसवावा. मोडीचे वर्ग चालतात, पण सराईत वाचकास पोटापाण्याची शाश्वती नाही, ती द्यावी. जीर्ण कागद कोणासाठी थांबत नाही. पाऊस चुकला की आपण आभाळाकडे पाहतो. आपल्या पूर्वजांनी त्याच आभाळाकडे पाहून जे लिहून ठेविले, ते वाळवीच्या आधी आपण वाचले पाहिजे.