वास्तुविशारदाची सनद

विधिशाखेच्या पदवीधरास वकिलीची सनद कायम करून घ्यावयाची तर अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते, सनदी लेखापालास आर्टिकलशिपची वर्षे काढल्यावाचून सुटका नसते. परंतु ज्याच्या नकाशावर भरवसा ठेवून शेकडो कुटुंबे बिऱ्हाड थाटतात तो वास्तुविशारद मात्र, १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमान्वये, पाच वर्षांची पदवी, अर्ज, दाखले आणि शुल्क एवढ्या सामग्रीवर वास्तुकला परिषदेच्या पटावर दाखल होतो. त्याची परीक्षा आपण घेतो ती ‘नाटा’ या प्रवेशपरीक्षेच्या रूपाने, महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर, म्हणजे विटेचा व त्याचा परिचय होण्यापूर्वीच.

अमेरिकेत, जेथे इलिनॉय राज्याने १८९७ सालीच या व्यवसायावर परवान्याचे बंधन घातले, उमेदवारास ३७४० तासांच्या कामाची प्रमाणित नोंद दाखवावी लागते आणि सहा विभागांची परीक्षा द्यावी लागते. कार्यालयाचा कारभार, प्रकल्पाचे व्यवस्थापन, जागेची पाहणी, आराखडा, तपशिलाची रेखाचित्रे आणि बांधकामावरील देखरेख असे ते विभाग असून प्रत्येकात नकाशे व नियमावलीचे उतारे पुढ्यात ठेवून त्यांतून उत्तर शोधावयास लावणारी प्रकरणे असतात. प्रतिभेची मोजदाद करण्याच्या भरीस ही परीक्षा फारशी पडत नाही, आणि मला तिचे शहाणपण तेथेच दिसते.

कारण इमारत गळते ती बहुधा प्रतिभेच्या अभावी नव्हे. गच्चीचा स्लॅब आणि कठडा जेथे मिळतात त्या कोपऱ्यात गोलसर वाटा दिला आहे काय, वॉटरप्रूफिंगचा थर कठड्यावर पुरेसा चढविला आहे काय, पाण्याचा उतार नळाच्या तोंडाकडेच आहे काय, आणि यांपैकी काही राहून गेले असता कंत्राटदाराने धाडलेले जादा कामाचे बिल करारनाम्याच्या कोणत्या कलमान्वये रोखावयाचे, हे ज्याला उमगले नाही त्याच्या मनोहर दर्शनी चित्राचे पहिल्याच आषाढात पोपडे निघतात. याची तयारी मिस्त्रीशेजारी उभे राहून व्हावयाची असते.

आपल्याकडे अशी परीक्षा आली की शिकवणीवर्ग आलेच, हा आक्षेप रास्त आहे. दादर-पुण्याच्या भिंतींना त्या फलकांची सवय आहे. म्हणूनच केवळ प्रश्नपत्रिका नको, ज्येष्ठाच्या सहीची कामाची नोंदवही तिच्या जोडीला हवी, आणि तो उमेदवारीचा काळ सक्तीने पगारी हवा, नाहीतर फुकट राबविण्यास एक सरकारमान्य निमित्त मिळेल.

सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असे स्पष्ट केले की, अधिनियमाचे ३७ वे कलम वास्तुविशारद या उपाधीस संरक्षण देते, त्या कामास नव्हे. तेव्हा नकाशा काढावयास इतरांनाही मोकळीक असता घरमालकाने नोंदणीकृत माणसाकडेच का जावे, याचे उत्तर परिषदेने द्यावयाचे आहे, आणि पदवीच्या कागदापलीकडे आज तिच्यापाशी ते नाही.