वेदनेची नोंद कोण करणार? नर्सिंगचे शिक्षण, एआय आणि वर्ध्याचा सिकलसेल रुग्ण

सिकलसेलचा रुग्ण रात्री दोन वाजता वॉर्डात दाखल होतो. ताप नाही, रक्तदाब ठीक, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनही ठीक. तरी हाडे कोणी आतून फोडत असल्यासारखा तो तळमळत असतो. याला 'क्रायसिस' म्हणतात. ही वेदना मोजणारी एकही रक्तचाचणी नाही. रुग्ण सांगेल तीच वेदना, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारी परिचारिका भेटली तरच उपचार वेळेवर. विदर्भात हा आजार आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी बांधवांत मोठ्या प्रमाणावर आहे. "नाटक करतो", "इंजेक्शनची सवय लागली" हे शेरे अनेक घरांनी ऐकले आहेत. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, २०४७ चे उद्दिष्ट ठेवले. तपासण्या होत आहेत, कार्डे वाटली जात आहेत. पण रात्री दोनचा प्रश्न कार्डाने सुटत नाही.

नर्सिंगच्या शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्ता हवी की करुणा, या विषयावर सध्या परिसंवाद होतात. हा प्रश्न व्यासपीठावर सोडवण्यापेक्षा या रुग्णाच्या खाटेपाशी तपासून पाहावा, असे मला वाटते.

वर्धा जिल्हा त्यासाठी योग्य जागा आहे. एका बाजूला सेवाग्राम: कस्तुरबा रुग्णालय, आणि १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था. दुसऱ्या बाजूला सावंगी (मेघे) येथील दत्ता मेघे अभिमत विद्यापीठ, जिथे वैद्यकीय आणि नर्सिंगच्या जोडीला अभियांत्रिकीही शिकवली जाते. दोन्हीकडे नर्सिंग शिकायला खेड्यांतली मुले-मुली येतात. भारतीय नर्सिंग परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला, त्यात आरोग्य माहिती-तंत्रज्ञान हा स्वतंत्र विषय पहिल्याच वर्षी आला. एआय मात्र अभ्यासक्रमाची वाट न पाहता मोबाईलमधून वर्गात शिरला.

केअर प्लॅनचे उदाहरण घ्या. विद्यार्थिनीने रुग्णाजवळ बसायचे, विचारपूस करायची, त्याच्या अडचणी ठरवायच्या, कोणती सेवा द्यायची ते लिहायचे. आता आजाराचे नाव टाकले की चॅटबॉट अर्ध्या मिनिटात सुबक इंग्रजीत सगळे लिहून देतो. यावर लगेच नाक मुरडू नये. देवळी किंवा समुद्रपूरच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीला इंग्रजीची भिंत काय असते हे इंग्रजी शाळेत शिकलेल्यांना कळणार नाही. रात्री अकरा वाजता न रागावता दहा वेळा समजावून सांगणारा शिक्षक तिला प्रथमच मिळाला आहे. तो तिच्याकडून काढून घेऊ नये.

पण त्या सुबक प्लॅनमध्ये रुग्ण नसतो. आपल्याकडचा माणूस म्हणतो, "बाई, जीव घाबरा होऊन रायला, छाती भरून आल्यावानी वाटते." त्याचे इंग्रजीत 'एन्झायटी' झाले की काम संपले. सिकलसेलच्या रुग्णात मात्र हीच तक्रार फुप्फुसाच्या जीवघेण्या गुंतागुंतीची सुरुवात असू शकते. पुस्तकी प्लॅन बरोबर आणि माणूस धोक्यात, असे होऊ शकते.

यंत्र तटस्थ असते, त्याला जात कळत नाही, असे आपल्यातलेही काही तरुण म्हणतात. अमेरिकेचा अनुभव ऐका. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एका मोठ्या वापरातल्या अल्गोरिदमचा अभ्यास आला. जास्त काळजीची गरज कोणाला, हे तो अल्गोरिदम आधी झालेल्या खर्चावरून ठरवत होता. काळ्या रुग्णांवर मुळातच कमी खर्च झालेला, म्हणून यंत्राने त्यांना कमी आजारी मानले. ही चूक दुरुस्त केली असती तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत काळ्या रुग्णांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. जातीचा रकाना नसला तरी जात खर्चातून, पत्त्यातून, न लिहिलेल्या नोंदीतून आत येते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही निर्दोष नाही. २०२० च्या एका अभ्यासात काळ्या रुग्णांमधली ऑक्सिजनची धोकादायक घट ते गोऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट वेळा चुकवत होते.

याची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. २०२१ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये गुडघेदुखीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी यंत्राला एक्स-रेसोबत डॉक्टरांचे ठरलेले मोजमाप न देता रुग्णाने स्वतः सांगितलेली वेदना शिकवली. तेव्हा वंचित रुग्णांच्या ज्या वेदनेला प्रचलित मोजपट्टीत कारण सापडत नव्हते, तिच्या खुणा यंत्राला त्याच एक्स-रेत सापडल्या. म्हणजे यंत्र तेच शिकते जे कोणीतरी विश्वासाने लिहून ठेवलेले असते. वॉर्डात हे लिहिणारा हात बहुतेक वेळा परिचारिकेचा असतो. म्हणून नर्सिंग महाविद्यालयात करुणा हा यंत्राविरुद्धचा विषय मानून चालणार नाही. उद्याच्या यंत्राचा कच्चा माल आजच्या परिचारिकेची नोंद आहे.

विनयपिटकातल्या महावग्गातील प्रसंग आपण वंदनेनंतरच्या प्रवचनांत ऐकतो. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला. तथागतांनी आणि आनंदांनी त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. त्यातले एक वाक्य आपण घाईत सोडून देतो. त्याची सेवा का केली नाही, असे विचारल्यावर भिक्खूंनी सांगितले होते की तो कोणाच्या उपयोगी पडत नाही. उपयोगावरून सेवेचा हक्क ठरवणे आणि खर्चावरून आजार ठरवणे यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

तिथेच शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता येणे आणि पथ्य-अपथ्य कळणे, यांत यंत्राची भरपूर मदत होईल. वेळोवेळी धीर देण्याचे बोलणेही त्याला जमू लागले आहे. २०२३ मध्ये एका अमेरिकी अभ्यासात चॅटबॉटची उत्तरे डॉक्टरांच्या उत्तरांपेक्षा अधिक सहानुभूतीची ठरली. गोड बोलणे हीच करुणा असती तर वाद तिथेच मिटला असता. पण उरलेले दोन गुण म्हणजे लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा, आणि मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस नसणे. आपल्या देशात ही किळस नुसती नाकाची नाही, विटाळाची आहे. रुग्णाला हात लावण्याआधी आडनाव वाचणारी नजर अजून वॉर्डांतून गेलेली नाही, आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरने जात नाही. गांधींशी आपले मतभेद जगजाहीर आहेत, तरी याच जिल्ह्यात दत्तपूरला १९३६ पासून मनोहर दिवाणांनी कुष्ठरुग्णांना हात लावला, हे नाकारू नये. आपल्यापाशी तर सावित्रीमाई आहेत. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातला मुलगा पाठीवर घेऊन त्या दवाखान्याकडे निघाल्या आणि त्याच संसर्गाने गेल्या.

हे शिकवता येते का? येते. केअर प्लॅन चॅटबॉटने लिहिला तरी चालेल, पण रुग्णाचे मूळ शब्द वऱ्हाडीत जसेच्या तसे लिहिण्याचा रकाना सक्तीचा करा. गुण खाटेपाशी तोंडी विचारून द्या. यंत्राने सुचवलेले काय खोडले आणि का, हे विद्यार्थिनीकडून लिहून घ्या. आपल्या संघटनांनी शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याच्या कामात आणखी एक काम जोडावे. सिकलसेलच्या घरांना एवढे शिकवावे की दवाखान्यात गेल्यावर दुखणे दहापैकी किती ते सांगायचे, आणि सिस्टरला नम्रपणे विचारायचे: ताई, हा आकडा वेळेसकट लिहिला का?