पाच तारे आणि एक पट्टा

घरात गाडी घेण्याचा विषय निघाला की पूर्वी दोनच प्रश्न असायचे. ॲव्हरेज किती आणि हप्ता किती? आता तिसरा प्रश्न ऐकू येतो, 'तारे किती?' ही चांगली गोष्ट आहे. मात्र हे तारे कशाचे असतात, ते कळले नाही तर पाच तारे दारात उभे राहतील आणि घरातली माणसे तशीच धोक्यात राहतील.

२०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या चाचणीचे निकाल जाहीर केले. एअरबॅग नसलेली ही सर्वात स्वस्त मॉडेल्स ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवली होती. मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. काहींचा सांगाडा डळमळीत निघाला. ज्यांचा सांगाडा टिकला, त्यांना एअरबॅग नसल्यामुळे तारा मिळाला नाही. म्हणजे मजबूत पत्रा आणि एअरबॅग, दोन्ही हवेत.

१ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची 'भारत एनकॅप' ही चाचणी सुरू झाली. ती ऐच्छिक आहे, म्हणून घेण्याआधी त्या मॉडेलची चाचणी झाली आहे का, हे विचारावे. समोरून ६४ च्या वेगाने, बाजूने ५० च्या वेगाने आणि खांबावर २९ च्या वेगाने अशी टक्कर घडवली जाते. मोठ्यांसाठी ३२ गुण आणि मुलांसाठी ४९ गुण असतात, आणि तारेही दोघांसाठी वेगळे दिले जातात. शोरूममध्ये नुसते 'फाइव्ह स्टार' ऐकून थांबू नये. मुलांचे तारे किती, हेही विचारावे.

आता मुख्य मुद्दा. समोरच्या टकरीच्या चाचणीत पुढे बसवलेल्या बाहुल्यांनी पट्टा बांधलेला असतो. मागे दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांएवढ्या बाहुल्या असतात, त्या चाइल्ड सीटमध्ये बसवलेल्या असतात. तारे मिळतात ते अशा बसण्याला. अम्मीच्या मांडीवर मूल, मागच्या सीटवर पाच जण आणि पट्टे सीटखाली दडपलेले, अशा गाडीची चाचणी कोणी घेतलेली नाही. तिला तारेही नाहीत.

मांडीवरचे मूल आपण घट्ट धरू, असे प्रत्येक दादी-नानीला वाटते. त्या मायेत खोट नाही, पण हिशेब वेगळा आहे. ताशी ५० च्या वेगाने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर त्या क्षणी १० किलोचे बाळ हातांना सुमारे २०० किलोचे होते. कोणाचेही हात ते पेलू शकत नाहीत. पुढच्या सीटवर मांडीवर घेतले तर बाळ आपल्या आणि एअरबॅगच्या मध्ये सापडते. डोळ्याची पापणी लवण्याआधी फुगणारी ती पिशवी मोठ्या माणसाला वाचवते, बाळाच्या जिवावर बेतू शकते.

मागच्या सीटवर पट्टा कशाला, हाही गैरसमज आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी महागडी होती. मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे जखमी होऊनही वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार पट्टा नसल्यास १,००० रुपये दंड आहे, आणि १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा चाइल्ड सीटने सुरक्षित नसेल तरीही तेवढाच. पण दंडाच्या भीतीने लावलेला पट्टा चौक ओलांडताच सुटतो. काही जण पट्ट्याचा आवाज बंद करण्यासाठी खोटी क्लिप खोचतात. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना अशा क्लिपची विक्री थांबवण्याचे आदेश दिले होते.

भगिनींसाठी एक सूचना. पट्टा बुरख्याच्या किंवा जाड शालीच्या घड्यांवरून सैल राहू देऊ नये, अंगाला लागून असावा. खालचा भाग पोटावर न येता कमरेच्या हाडांवर यावा. गरोदरपणात तो पोटाच्या खालून आणि खांद्याचा भाग छातीच्या मधून जावा. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर जाड सीट कव्हर घालू नये, ती उघडण्यात अडथळा येतो. हौसेच्या कव्हरचे पैसे चाइल्ड सीटला लावावेत.

आपण सफरची दुआ पढून निघतो, ते योग्यच आहे. पण उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, ही आपल्या नबी (स.) यांची शिकवण आहे. मुले आपल्याकडे अल्लाहची अमानत आहेत. पुढच्या निकाहाला निघताना पाचांच्या गाडीत आठ जण बसवण्यापेक्षा तिघांना एसटीने पाठवावे. त्यांना थोडा उशीर होईल, पण घरी सगळे परत येतील, इन्शाअल्लाह.